दक्षिणेचं दार

मी पाठीवर पडलो होतो आणि चार वॉर्डबॉय वरून माझ्याकडे बघत होते. हॉस्पिटलची गच्ची, खाली पसरलेली निळी मॅट, वर जळगावचं मार्चमधलं ऊन. त्यातला विलास नावाचा वॉर्डबॉय वाकून म्हणाला, "सर, लागलं का?"

लागलं होतं. पण कराटेच्या ब्लॅकबेल्टवाल्याने, तेही चौतीस वर्षं शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्याने, तसं म्हणायचं नसतं. मी म्हणालो, "तुम्ही एकदम कसे आलात? एकेक करून यायचं होतं ना."

विलास बिचारा खरं बोलून गेला. "सर, मागच्या वेळी ते लोक एकेक करून आले नव्हते."

गच्चीच्या कठड्याशी कल्पना सिस्टर बसल्या होत्या. उजव्या हाताला प्लास्टर. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

झालं होतं ते असं. दोन महिन्यांपूर्वी या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघाताचे आणि तातडीचे पेशंट आधी येतात त्या खोलीत, एक पेशंट दगावला. नातेवाईक चिडले. वीसेक जण आत घुसले, काचा फुटल्या, आणि मध्ये पडलेल्या कल्पना सिस्टरचं मनगट मोडलं. एकोणीस वर्षं त्या खोलीच्या इन्चार्ज असलेली बाई. रावेरकडची, केळीच्या बागेत वाढलेली, आवाज खणखणीत. आता त्या खोलीच्या दारापर्यंत यायच्या आणि परत फिरायच्या. घरचे म्हणत होते, नोकरी सोड. त्यांनी डॉक्टरांकडून महिनाभराची मुदत मागून घेतली होती. तेवढ्यात जमलं तर ठीक, नाहीतर राजीनामा.

डॉक्टरांनी मला बोलावलं ते त्यामुळे. हॉस्पिटल त्यांचंच. माणूस हुशार, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांचं डोकं भंजाळलं होतं.

"सर, मला एकच सांगा. कराटे, ज्युदो, बॉक्सिंग, की ते नवीन मिलिटरीवालं काहीतरी? दहा जण अंगावर आले तर काय चालतं?"

"कराटे," मी म्हणालो. दुकानदाराला विचारलं की कुठला माल चांगला, तर तो शेजारच्या दुकानातला सांगत नाही.

निघताना जिन्यात सिस्टर भेटल्या. म्हणाल्या, "सर, मला मारायला शिकवू नका. मला परत त्या खोलीत उभं राहता येईल का, तेवढं सांगा."

मी म्हणालो, "येईल की." आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर उताणा पडलो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कराटेत ठोसे आणि लाथा. आम्ही शिकवतो ते समोरासमोर, एकास एक, मध्ये पंच. ज्युदोत समोरच्याला धरून आपटायचं. आपटलं, की खाली वाकलेल्या तुमच्या पाठीत दुसऱ्याची लाथ बसते. जमिनीवरची कुस्ती तर गर्दीत सगळ्यात वाईट, कारण पडलेला माणूस उठत नाही. बॉक्सिंगवाल्यांचे पाय चांगले चालतात, तेवढं घेण्यासारखं. काठी उत्तम, पण फिरवायला जागा लागते आणि नर्सच्या हातात काठी शोभत नाही. शिवाय समोर गुंड नव्हते. ज्यांचं माणूस नुकतंच गेलंय असे लोक होते. त्यांना मारायचं कसं?

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी क्लासमध्ये वर्षानुवर्षं पाच जणांशी लढायचा डेमो देत आलो होतो. त्यात माझे विद्यार्थी पाळीपाळीने येतात, मार खातात आणि बाजूला होतात. पालक टाळ्या वाजवतात. वॉर्डबॉयना ही रीत कुणी सांगितलेली नव्हती, म्हणून मी पडलो.

त्या रविवारी दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधून धुळ्याची बस पकडली. धुळ्याला नाना आहेत. माझे वस्ताद.

जुन्या धुळ्यात एका गल्लीच्या टोकाला आमचा आखाडा होता. तांबडी माती, तिच्यात तेल आणि ताक मुरवलेलं. संध्याकाळी आत शिरलं की तो वास अंगाला चिकटायचा आणि आई घरात येऊ द्यायची नाही, आधी मोरीत पाठवायची. नाना तेव्हा चाळिशीचे असतील. सूतगिरणीतली पाळी संपवून यायचे, सदरा खुंटीला टांगायचे आणि एक शब्द न बोलता कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला बसायचे. आमची मस्ती तिथेच थांबायची. आज तिथे मोटारसायकली लावतात. बजरंगबलीचा कोनाडा तेवढा राहिलाय. मी त्या गाड्यांमध्ये दोन मिनिटं उभा राहिलो. नाकाला पेट्रोलचा वास येत होता आणि मला माती आठवत होती. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

नाना पंच्याऐंशीच्या पुढचे. खाटेवर बसलेले, पण कणा ताठ. मी सगळं सांगितलं. पडलो तेही सांगितलं. ते पोटभर हसले आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

"मधू, पाच जन अंगवर उनात, तर तू काय देखस?"

"त्यांचे हात."

"नही. दार देखानं. जो दार देखस, तो घर जास. जो हात देखस, तो दवाखानामा जास."

"नाना, ती बाई दवाखान्यातच आहे."

"मंग त्या दवाखानानं दुसरं दार कोठे शे, ते पहिले इचार."

आणि मला दारशिवणी आठवली. पन्नास वर्षांत एकदाही आठवली नव्हती.

तो आमच्या आखाड्यातला खेळ. दर शनिवारी, सगळा व्यायाम झाल्यावर. एक जण हौद्यात मधोमध, भोवती पाच जण. मधल्याने कुणाला पाडायचं नाही, मारायचं नाही. फक्त आखाड्याच्या दाराला हात लावायचा. जो शिवेल त्याला नाना आपल्या पितळी पेल्यातलं पहिलं दूध द्यायचे. बाकीच्यांना नंतर, स्टीलच्या ग्लासात. दूध एकाच म्हशीचं, पण पितळी पेल्यातलं वेगळं लागतं अशी आमची खात्री होती. मला ती चव फक्त ऐकून माहीत. पेला मला कधीच मिळाला नाही. चपळ होतो, पण दार दोन हातांवर आलं की कुणीतरी चिडवायचं आणि मी त्याला एक ठोसा ठेवून द्यायला थांबायचो. तेवढ्यात बाकीचे चौघे माझ्यावर. पुढे कराटे शिकलो, बेल्ट मिळाले, आणि हा खेळ पोरखेळ वाटायला लागला.

सोमवारी मी गच्चीवर गेलोच नाही. सरळ कॅज्युअल्टीत गेलो आणि विलासला विचारलं, "या खोलीला दुसरं दार कुठे?"

त्याने सलाइनच्या खोक्यांकडे बोट दाखवलं. छतापर्यंत थप्पी. तिच्यामागे एक लोखंडी दार, आतून कुलूप, वर गेरूने काढलेलं स्वस्तिक.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो.

"ते दार उघडा."

"ते नाही उघडता येणार सर. दक्षिणेचं आहे."

"मग?"

"वास्तुवाल्याने सांगितलंय. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. हॉस्पिटलला चालत नाही. बंद केल्यापासून पेशंट वाढलेत."

मी म्हणालो, "साहेब, तुम्ही फिजिशियन आहात."

"ते खरंय. पण रिस्क कशाला?"

वाद घालून उपयोग नव्हता. मी म्हणालो, "दुपारी दोनला ओपीडी संपली की दहा मिनिटं खाली या. डेमो आहे."

ते आले. मी त्यांना कॅज्युअल्टीच्या टेबलामागे उभं केलं, जिथे ड्यूटीवरचा डॉक्टर उभा असतो. विलास आणि बाकीचे स्टाफवाले, एकूण आठ जण, समोरच्या दारातून आत आणले. "कुणी हात लावायचा नाही. फक्त पुढे पुढे जायचं. साहेब, तुम्ही बाहेर पडून दाखवा."

डॉक्टर डावीकडे गेले, तिथे कपाट. उजवीकडे गेले, तिथे बेसिन. मागे सरकले आणि पाठ सलाइनच्या खोक्यांना टेकली. आठ ओळखीची माणसं, पगार त्यांचाच खाणारी, आणि तरी डॉक्टरांच्या कपाळावर घाम. अर्धं मिनिट झालं असेल. ते म्हणाले, "बस."

त्यांची नजर खोलीच्या उंबऱ्याकडे गेली. तिथे कल्पना सिस्टर उभ्या होत्या, नेहमीसारख्या बाहेरच. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, मीपण तिथेच अडकले होते. त्याच खोक्यांना."

डॉक्टरांनी विलासकडे हात पुढे केला आणि म्हणाले, "किल्ली."

संध्याकाळपर्यंत खोकी हलली. कडी बाहेरून लागेल अशी बसवली. डॉक्टरांनी दारावर लिंबू-मिरची टांगली, मी हरकत घेतली नाही. दार उघडं असलं म्हणजे झालं.

मग रोज दुपारी दारशिवणी. नियम नानांचेच. पडायचं नाही. कोपऱ्यात जायचं नाही. कुणाला धरायचं नाही, कारण धरलं की आपणही धरले जातो. हात कानाशी, खांदा पुढे, आणि गोल फिरत राहायचं. गोल फिरलं की भोवतीची माणसं एकामागे एक येतात आणि समोर एकच उरतो. स्टाफला मजा यायला लागली. लॅबवाल्या ताई तर पदर खोचून यायच्या.

प्लास्टर निघालं त्या दिवशी सिस्टर उंबरा ओलांडून आत आल्या. म्हणाल्या, "मी एकदा बघते." सहा जण भोवती. त्या वाकल्या, तिरक्या झाल्या, विलासच्या काखेखालून सरकल्या आणि दाराला शिवल्या. पुन्हा केलं, पुन्हा शिवल्या. मी विचारलं, हे कुठे शिकलात?

"कुठे नाही. बागेतून घड वाहून आणायचो ना आम्ही. खांद्यावर घड, दोन्हीकडे केळी. पान फाटलं तर आबा ओरडायचे."

मी चाळीस वर्षं लोकांना पाय कसे टाकायचे ते शिकवत होतो.

मुदत संपली. त्यांनी राजीनामा दिला नाही. पण त्या मला म्हणाल्या, "सर, खेळात जमतं. खरं आलं की कळेल."

खरं आलं ते पावसाळ्यानंतर. भर दुपार. सातपुड्याच्या पायथ्याकडे मजुरांची ट्रॉली उलटलेली. एक जण हॉस्पिटलला पोचायच्या आधीच गेलेला होता. ड्यूटीवर निखिल नावाचा ज्युनिअर डॉक्टर, पंचविशीतला. त्याने सोबत आलेल्यांना सांगायचं तसं सांगितलं, पण आवाज कापला. पाठोपाठ दोन पिकअप आल्या आणि तीस-चाळीस माणसं आत.

"आमना माणूस कोठे शे? डॉक्टरले बाहेर काढा."

मी तिथे नव्हतो. पुढचं विलासने सांगितलं, आणि नंतर डॉक्टरांनी कॅमेऱ्यात दाखवलं. निखिल टेबलामागे थिजला होता. सिस्टर औषधांच्या कपाटाशी, म्हणजे दक्षिणेच्या दारापासून तीन पावलांवर. सरळ निघून जाऊ शकत होत्या. त्या म्हणाल्या, "दार," एवढंच, आणि स्टाफ हलला. मग त्या स्वतः उलट्या दिशेला, गर्दीत शिरल्या. हात कानाशी, खांदा पुढे. निखिलचं कोपर धरलं, त्याला घेऊन स्ट्रेचरला वळसा घातला. गर्दी मागे आली, पण स्ट्रेचर आणि टेबलामधून एका वेळी एकच येऊ शकत होता. कुणीतरी स्टूल फेकलं, ते भिंतीला लागलं. दोघं बाहेर. कडी बाहेरून. मोजून अकरा सेकंद. खोलीत मारायला कुणी उरलं नव्हतं. एक काच फुटली, मग आवाज आपोआप खाली आला, आणि रडणं ऐकू यायला लागलं.

दहा मिनिटांनी कल्पना सिस्टर पुढच्या दाराने परत आल्या. एकट्या. हातात पाण्याचा जग. मेलेल्या माणसाची आई फरशीवर बसली होती. सिस्टर तिच्या शेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "माय, पानी पी." पुरुष बाजूला झाले.

पोलीस आले तेव्हा त्या तिथेच बसलेल्या होत्या, त्या खोलीच्या मधोमध.

मी नानांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पहिलं दूध कोन पिनं?"

हे मला सुचलंच नव्हतं. नाना म्हणाले, "मधू, तू तसाच राहिना रे. ये, पेला लई जाय."

गेलो. पेला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी किटलीत दूध घेऊन कॅज्युअल्टीत पोचलो. डॉक्टर स्टाफसाठी ट्रेनिंगची सर्टिफिकेटं छापायला बसले होते. "सर, कोणती मार्शल आर्ट लिहू?" मी म्हणालो, "धुळ्याची लिहा." हल्ली क्लासमध्ये पालक विचारतात, दहा जण आले तर कोणती कला चांगली? मी त्यांना विचारतो, घराला दारं किती आहेत आणि दुसऱ्या दारापुढे काय रचून ठेवलंय? बरेच जण त्यानंतर फी भरायला येत नाहीत.

त्या सकाळी कल्पना सिस्टरांनी दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरला. मोडलेलं मनगट अजून थोडं वाकडं आहे. निम्मं दूध पिऊन त्यांनी पेला पुढे केला. "सर, तुम्ही घ्या ना थोडं."

तोंडाला पाणी सुटलं होतं. पन्नास वर्षं वाट बघितलेला पेला.

"नको," मी म्हणालो. "मी अजून दार शिवलेलं नाही."

त्यांनी उरलेलं दूध संपवलं, पेला बेसिनवर धुऊन मला दिला आणि ड्रेसिंगच्या ट्रेकडे वळल्या. पुढचा पेशंट आला होता.