मत गुप्त असतंय

साल दोन हजार चोवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. उमरीकडचं शेत धाकट्या पोरावर टाकून मी थोरल्याकडे नांदेडला येऊन राहिलो होतो, ते नातीसाठी. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून ती आठवीला नांदेडच्या शाळेत आली होती. गावात होती तेव्हा तिचं तोंड दिवसभर थांबायचं नाही. इथं पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, लिहीत का नाहीस? ही उठून म्हणाली, "म्या लिहून राहिले ना सर." तिच्या बोलीला वर्ग हसला. त्या दिवसापासून शाळेत ती बोलायची बंद झाली. काही विचारलं की नुसती मान हलवायची.

दिवाळीनंतर तिनं आईला सांगितलं, सहल तेवढी करते, मग मला गावाकडं पाठवा, शाळा पुरे. सून रडली. मुलगा रागावला. मला झोप लागेना. शाळा अर्धी सुटली की काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. मी दुसरी शिकलेला माणूस. अक्षराला अक्षर जोडून वाचतो, पण वाचतो.

सहल लातूरला होती, जुन्या वस्तूंच्या आणि चित्रांच्या प्रदर्शनाला. आम्ही लहानपणी त्याला नुमाइश म्हणायचो. पोरींसोबत घरचं मोठं माणूस कोणी येणार का, असं शाळेनं विचारलं होतं. मी म्हणालो, मी जातो. मुलगा म्हणाला, तिथं तुम्हाला काय कळणार आहे? झालं, मग मला कोण अडवणार? धोतर इस्तरीला दिलं आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

जुन्या वस्तूंच्या दालनात जाती, समया, अडकित्ते, सगळं काचेत. माझ्या खिशातला अडकित्ता काचेतल्यापेक्षा जुना निघाला, हे मी दोघा-तिघांना काढून दाखवलं. चित्रांच्या दालनात मात्र बोलायची सोय नव्हती. प्रत्येक चित्राखाली नंबर होता. काही चित्रं कळली, बरीचशी नाही. एका चित्रात उंबऱ्यावर एक बाई बसलेली, आपल्याकडं पाठ करून. तोंड दिसतच नव्हतं. त्याच्यापुढं माझी नात थांबली ती हलेना. पोरं पुढं गेली. मी तिच्या मागं उभा राहिलो.

बाहेर पडायच्या दारात टेबल होतं. टेबलावर कुलूप लावलेली पेटी, चिठ्ठ्या, दोरीला बांधलेला पेन आणि वर पाटी. पाटी मी स्वतः वाचली. ‘आपले मत येथे द्यावे.’ निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, आणि मतदान मी आजवर एकदाही चुकवलेलं नाही. मला वाटलं, कोणतं चित्र चांगलं त्याचं मतदान असेल. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला अजून कागदच असतो, त्यामुळं पेटीचं काही नवल वाटलं नाही. चिठ्ठी घेऊन खांबाआड गेलो, नंबर लिहिला, आधी उभी मग आडवी घडी घातली आणि पेटीत टाकली. मग टेबलामागं बसलेल्या बाईंपुढं डाव्या हाताचं बोट धरलं.

बाईंनी बोट निरखून बघितलं. "लागलं का बाबा?" म्हणाल्या, आणि पर्समधून चिकटपट्टी काढायला लागल्या.

"शाई लावा," मी म्हणालो.

मागं पोरांची रांग होती. जो हशा उसळला तो काही थांबेना. सर लगबगीनं पुढं आले. म्हणाले, बाबा, इथं मत म्हणजे अभिप्राय, काय वाटलं ते लिहायचं. मी म्हणालो, मला जे वाटलं त्याचाच नंबर टाकलाय. कोणता नंबर टाकला, त्यांनी विचारलं.

"मत गुप्त असतंय सर. सांगत नसतेत."

पोरं आणखी हसली. बाई मात्र हसता हसता थांबल्या, दोरीचा पेन ओढून घेतला आणि माझ्या नखावर नीट, कातडीपर्यंत, निळी रेघ ओढली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. मी वळून बघितलं तर नात खाली मान घालून उभी. आधी तिला हसले, आता तिच्या आज्याला. मला वाटलं, उरलीसुरली शाळा मीच बुडवली.

परतीला अहमदपूर मागं पडलं आणि सरांनी गाडीतला माईक फिरवला. ज्यानं त्यानं सांगायचं, काय वाटलं. एक पोरगं म्हणालं, खूप छान वाटलं, खूप माहिती मिळाली. मग जो तो तेच म्हणत गेला. माईक नातीपाशी आला. सर तो तसाच पुढं न्यायला लागले, तर तिनं हात घातला.

"आमच्या आबानं कुणाला मत दिलं, मला ठाव हाय."

सरांनी माईक तिच्या हातात सोडला.

"ती पाठमोरी बाई हाय ना, तिला. म्या लई येळ तिथं उभी व्हते. मला वाटलं, ती आता वळंल, मग वळंल. ती काही वळली न्हाई. पर तिला सगळं ऐकू येऊन राहिलंय, तिच्या मानंवरून कळतंय."

कुणीतरी खुसखुसलं. ती थांबली नाही. चित्रातल्या बाईचे मोकळे सोडलेले केस, बाजूला पालथी घातलेली घागर, सगळं तिनं तिच्याच बोलीत सांगितलं. सरांनी मधे एकही शब्द सुधारला नाही, यासाठी त्यांना मनापासून धन्यवाद. शेवटी पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक पोरगी ओरडली, "आबा, खरं का?"

खरं नव्हतं. मी दुसऱ्याच चित्राला मत दिलं होतं. कोणत्या, ते इथंही लिहिणार नाही.

"मत गुप्त असतंय," मी म्हणालो. या खेपेला पोरांबरोबर नातही हसली.

लोह्याला चहाला गाडी थांबली तेव्हा ती माझ्यापाशी नव्हती, पोरींच्या घोळक्यात होती. घरी गेल्यावर गावाकडं जायचं नाव तिनं काढलं नाही. सुनेनं भीत भीत विचारलं, उद्या डबा करू का? ती म्हणाली, दोन पोळ्या जास्त दे, मैत्रिणीला पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली ती एक बोट पाण्याबाहेर धरून, आणि तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून आलो.