पडवीशेजारचं पांढरं झाड

“फोटो काढते का झाडाच्या पाया पडते, काय कळत नाय गं.”

कळंबच्या शेतात मी गुडघ्यांवर बसून कॅमेरा वर वळवला होता, तेव्हा मागून हे ऐकू आलं. बांधावर दोन बायका पाचोळ्याच्या पाट्या खाली ठेवून माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. अनोळखी माणसांशी बोलायची वेळ आली की मी कॅमेऱ्याच्या मागे जाते.

समोर ऐनाची झाडं होती. पेरणीआधी इथे राब (पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून जमीन भाजणं) करतात, आणि त्यासाठी ऐनाच्या फांद्या दर वर्षी छाटतात. छाटून छाटून खोडांवर जागोजागी गाठी आलेल्या, आवळलेल्या मुठींसारख्या. फोटोतला रंग काढून टाकला की अंगावर काटा यावा अशा. ठाण्याच्या आमच्या फोटोग्राफी ग्रुपच्या प्रदर्शनात मला अशाच झाडांची कृष्णधवल मालिका लावायची होती. नावसुद्धा ठरलं होतं, ‘भयाण’.

अख्खं झाड चौकटीत यावं म्हणून मी मागे सरकत गेले आणि राबासाठी रचलेल्या ढिगात धपकन बसले. खाली शेण होतं.

“उठा ताई, नायतर पेटवताना तुमी आतच ऱ्हायच्या!”

दुसरी हसून हसून वाकडी झाली. पण तिनेच हात देऊन मला उठवलं आणि कळशीतलं पाणी ओतून जीन्स धुऊन दिली. “असली वाकडी झाडं कशाला गं काढतेस?”

“भीतीदायक दिसतात म्हणून,” मी कसंबसं म्हटलं.

“मंग खालापूरकडं जा. माझ्या माहेरात पांढरं झाड हाय. मोबाईलवर पन आलंय ते.” तिने गावाचं नाव सांगितलं, वाट सांगितली, आणि कुणाकडे उतरलेय हेही विचारून घेतलं.

रात्री भिसेगावात मावशीकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवले. मावशी दोघींच्या वाटचं एकटीच बोलते. म्हणून तिच्याकडे राहायला मला आवडतं.

सकाळी टमटम (सहा आसनी रिक्षा) बदलत खालापूरच्या बाजूला पोचले. शेवटच्या फाट्यापासून पायी. द्रुतगती मार्गाची घरघर मागे पडली, रिसॉर्टच्या पाट्या संपल्या आणि झाड लांबूनच दिसलं. टेकडीच्या पायथ्याला कौलारू घर, त्याच्या पडवीला लागून ते कांडोळाचं झाड. मार्च महिना, अंगावर एक पान नाही. खोड चुना लावल्यासारखं पांढरं, फांद्या कोपरातून मोडल्यासारख्या. पडवी चौकटीबाहेर ठेवली. कॅमेऱ्याच्या कृष्णधवल पडद्यावर आकाश काळं पडलं आणि झाड एकटंच उजळून निघालं. मग ढगाची वाट बघत बुंध्याशी बसून राहिले.

“व्हिडिओवाल्यांतली का गं तू?” घरातून एक बाई बाहेर आल्या.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पायरीवर बसल्या. त्या सुनंदाताई. ह्याच पडवीत त्या बालवाडी चालवायच्या. मागच्या दिवाळीत बाहेरची काही पोरं आली, झाडाचा काळापांढरा व्हिडिओ काढला, त्यात कुणाची तरी किंकाळी घातली. तो गावभर फोनांवर फिरला आणि आयांनी एकेक करून मुलं पाठवणं बंद केलं.

“आज बोलवलंय सगळ्या आयांना,” त्या म्हणाल्या. “पाठवतो म्हनाल्या तर ठीक, नायतर जूनपास्नं बालवाडी कायमची बंद. सासरे म्हनतात झाडच तोड. माझी दोनी पोरं ह्याच्याच बुंध्याला धरून उभी ऱ्हायला शिकली. कसं तोडू, सांग.” मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तू एकटी बसलेलीस ना मघापास्नं खाली? काय झालं नाय तुला, तेवढंच सांग त्यांना.”

मी मान डोलावली, पण चारजणींसमोर बोलणं मला कधी जमलेलं नाही. कॉलेजात सादरीकरण मी तयार करायचे आणि बोलायची मैत्रीण.

बायका आल्या. कडेवर मुलं, हातात मुलं. सुनंदाताईंनी मला पुढे केलं. बोलायच्या ऐवजी मी कॅमेऱ्यातला मघाचा फोटोच पुढे धरला. सगळ्या वाकल्या.

“अगं बया! ह्ये तर व्हिडिओवानीच हाय!”

एकीने मुलाला पदराआड ओढलं. सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थकवा होता. मला जे सुंदर वाटत होतं, त्याने त्यांचं काम आणखी बिघडवलं होतं. मी घाईघाईने कॅमेरा रंगीत केला आणि पडवीसकट पुन्हा फोटो काढला. खोडावरची गुलाबी झाक, कागदासारखे सुटलेले पापुद्रे, निळी भिंत, दोरीवरचं धुणं.

“हां, ह्ये आपलं,” कुणीतरी म्हणालं.

“आपलं कसलं? रंग लावला की झालं होय?” हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती, ती पुढे झाली. “फोटो ऱ्हाऊ दे. तुज्या तोंडानं सांग, पोरी. एकटी बसलीस तवा भ्या वाटलं का नाय?”

तिचा नातू हात सोडवून बुंध्याशी गेला होता आणि एक पापुद्रा सोलून काढत होता. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे डोळे माझ्यावर होते. सुनंदाताई पडवीचा खांब घट्ट धरून उभ्या होत्या.

“भीती वाटली,” मी म्हणाले, “पण तुम्ही सगळ्या एकदम आलात तेव्हा. त्याच्या आधी झाडाखाली इतकं बरं वाटत होतं, की उठावंसंच वाटत नव्हतं.”