एका पडद्यापुढे भाऊ-बहीण

हापाईच्या बेटांवर लिसिआतेसारखा मास्तर नाही, कुणालाही विचारा. आमचा धाकटा भाऊ आहे तो. राजधानीत खेटे घालून घालून त्यानेच शाळेत कॉम्प्युटर आणले. आणि त्यालाच त्यांचा वैताग यावा, याला काय म्हणायचं?

कॉम्प्युटर देणाऱ्या परदेशी लोकांची एकच अट होती. प्रत्येक यंत्रापुढे एक मुलगा, एक मुलगी बसवा, आणि तसे फोटो शुक्रवारपर्यंत पाठवा. नाहीतर यंत्रं दुसऱ्या बेटाला जाणार.

लिसिआतेने पहिली जोडी बसवली. मुलगा उठून बाहेर. दुसरा बसवला, तोही बाहेर. बहिणीबरोबर एका पडद्यात डोकं घालणं आपल्यात चालत नाही. आणि एवढ्याशा गावात चुलत म्हणा, मावस म्हणा, सगळ्या बहिणीच.

त्याने राजधानीत शिक्षण खात्यातल्या फेलेती साहेबांना फोन लावला.

"साहेब, पोरं बसत नाहीत."

"का?"

"बहिणी आहेत त्यांच्या."

"मग दुसऱ्या बसव."

"त्या पण बहिणीच."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "मला काय सांगतोस बाबा, बहीण आली की मी पण टीव्ही सोडून उठतो. पण नियम तिकडून आलाय."

"मग तिकडच्यांना सांगा की."

"सांगितलं. ते म्हणतात, मुलींवर अन्याय होतोय."

"मुलींवर? मुली आत पंख्याखाली बसल्यात. पोरं उन्हात उभी आहेत, साहेब."

फोन ठेवून लिसिआतेने कपाळ धरलं. मग त्याला पाद्रीबाबांची अनासेइनी आठवली. बदली होऊन आलेलं घर, गावात ती कुणाचीच बहीण नाही. त्याने तिला पहिल्या यंत्रापुढे बसवलं, शेजारी एक मुलगा, काढला फोटो. दुसऱ्या यंत्रापुढे पण तीच, मुलगा वेगळा. वेणी सोड, वेणी बांध, रिबीन बदल.

चौथ्या यंत्रापाशी ती वैतागली. "गुरुजी, हे चालू करून काही शिकवणार, का मला नुसतं हलवत राहणार?"

"बस गं बाई. मान जरा खाली घाल."

फोटो गेले, यंत्रं राहिली. आता सकाळी मुली बसतात, दुपारी मुलगे, आणि पोरं भराभर शिकतात. शिकवतंय कोण शेवटी.

परवा तिकडून निरोप आला. फोटो फार आवडले, दर महिन्याला पाठवत जा.

लिसिआते दुकानात जाऊन मूठभर रिबिनी घेऊन आला. पाद्रीबाबांची पुढची बदली कधी आहे, हे विचारायचा धीर मात्र त्याला अजून झालेला नाही.