दहानं भागायचं दुखणं

पित्ताच्या नळीत अडकलेला खडा काढायला लातूरहून नांदेडला गेलो, तेव्हा मी इतका पिवळा झालो होतो, की मोंढ्यात बसलो असतो तर डाळ म्हणून माझा लिलाव झाला असता.

तोंडातून दुर्बीण घालायची होती. डॉक्टरांनी आधीच बजावलं, "खडा निघेल. पण कुणाकुणाचं स्वादुपिंड यानं सुजतं, ते जिवावरही बेतू शकतं. पोटात दुखलं की लगेच सांगा."

"सांगतील की," बायको म्हणाली. "फकस्त दहानं भागून घ्या. बोटात काटा मोडला तर ह्यांनी गावभर सांगितलं, बाभळ उपटून काढली म्हणून."

गुंगीची सुई बसली आणि मी खाटेसकट वर गेलो. खाली गोदावरी, तिच्यावर पूल झोळीसारखा झुलत होता. लातूरच्या डाळमिलांची पिवळी भुकटी तिथवर तरंगत आली होती. एक रिकामी एसटी पाण्यावरून सावकाश गेली. कंडक्टर हळूच म्हणाला, "निलंगा, निलंगा." मी काही उतरलो नाही.

दुपारी डोळे उघडले तरी अर्धा मी वरच होतो.

"केवढा निघाला खडा?" बायकोनं विचारलं.

"जात्याची तळी गं! दोघांनी उचलून नेली."

"म्हंजी हरभऱ्याएवढा," ती म्हणाली आणि चहा ओतून घेतला.

मग बरगड्यांखाली मधोमध ऊब लागली. उबेची आग झाली, आग पाठीत गेली. मी उपमा शोधत होतो. मळणीयंत्र आलं, हत्ती आला, सगळे ढगासारखे पुढं सरकले. एकही हाताला लागला नाही.

"दुखतंय," मी म्हणालो.

"किती?"

"लई."

ती वाट बघत राहिली. पुढं काहीच आलं नाही. कप तसाच टाकून ती पळाली.

"डॉक्टरसाहेब, चला लवकर! हे नुसतं 'लई' म्हणून राहिलेत!"

रक्त तपासलं. स्वादुपिंड सुजलंच होतं. सलाइन लागलं, खाणंपिणं बंद झालं, दुखणं मारायचं औषध आलं. मी पुन्हा नदीवर तरंगायला लागलो. या खेपेला सलाइनची नळी पतंगाच्या दोरीसारखी बायकोच्या हातात होती, आणि ती काठाकाठानं चालत होती, ढील न देता.

सूज उतरायला दिवस गेले. एका सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"पोटात मुंगी चालतीय, साहेब. पण हत्तीएवढी. पायात तोडे हायत तिच्या."

बायको खुर्चीत मागं टेकली.

"बरे झाले," ती म्हणाली. "आता मी चहा पिऊन येते."