उपासाच्या दिवसाची गोळी

सीतारामरावांच्या औषधाच्या दुकानात मला अकरा वर्षे झाली. अकरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारले नाही की तुम्ही दोघे दिवसभर इथे नेमके करता तरी काय. चिठ्ठी घ्यायची, खोके काढायचे, पट्टी कापून द्यायची, झाले, असेच सगळ्यांना वाटते. माझ्या नणंदेचेही हेच मत आहे. किराणा दुकानापेक्षा सोपे काम, असे ती मला तोंडावर म्हणाली होती. मी ते विसरलेले नाही.

सकाळी शटर वर गेले की राव देवाला हात जोडण्याआधी इन्सुलिनच्या फ्रिजचा काटा बघतात. वीज जाऊन तो चढला असेल तर आतला माल विकायचा नाही, बाजूला काढायचा. मग मुदत संपत आलेली औषधे शोधून लाल पेटीत टाकायची. ज्यांची नावे एकमेकांसारखी आहेत अशी दोन औषधे कधी शेजारी ठेवायची नाहीत. त्यानंतर गिऱ्हाइके. प्रत्येक चिठ्ठी राव दोनदा वाचतात, एकदा औषध काढण्याआधी आणि एकदा हातात देताना. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस अंगदुखीची गोळी मागायला आला तर देत नाहीत. तो चिडून समोरच्या दुकानात जातो, तिथे त्याला ती मिळते, आणि राव संध्याकाळपर्यंत अस्वस्थ असतात. डॉक्टरने दहाच्या जागी शंभर लिहिले तर फोन करून, आवाज अगदी खाली आणून, "सर, एकदा बघून घ्याल का" असे विचारणे हेही आमचेच काम. डॉक्टर बहुतेक वेळा खेकसतात आणि मग दहा म्हणतात. आभार कोणी मानत नाही. गिऱ्हाइकाला तर आपण कशातून वाचलो हे कळतही नाही.

राव मूळचे इथलेच, या तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी लोकांच्या, राजवाड्यामागच्या गल्लीतले. वय अठ्ठावन्न. बायको जाऊन सात वर्षे झाली, मुलगी चेन्नईत. दुपारी एक वाजता दहीभात, चार वाजता कॉफी. स्वतःला डोकेदुखी झाली तर गोळी घेत नाहीत, दुसरी कॉफी घेतात, यावरून मी त्यांना पुष्कळ चिडवले आहे. दुकानातल्या कोणत्या खणात काय आहे ते डोळे मिटून सांगतील, आणि गर्वाची म्हणावी अशी एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती. तिच्याबद्दलच मला सांगायचे आहे.

आमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी पुष्कळांना बारीक अक्षर दिसत नाही. मोतीबिंदू, साखर, कारणे अनेक. गोळ्यांच्या पाकिटावर तमिळमध्ये सकाळ, दुपार, रात्र लिहून दिले तरी घरी जाऊन घोळ होतो. म्हणून रावांनी आपली एक रीत बसवली होती. ते गोळी घड्याळाला बांधत नसत, माणसाच्या सवयीला बांधत. रक्तदाबाची गोळी सकाळच्या कॉफीच्या डबऱ्याशेजारी, म्हणजे पसरट वाटीशेजारी. साखरेची गोळी इडलीचा पहिला घास घेण्याआधी. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ती तेल लावून न्हाण्याच्या दिवशी, म्हणजे बायकांना शुक्रवारी. न्हाणे कोणी विसरत नाही, म्हणून गोळीही विसरत नाही. आणि सांगून झाले की समोरच्याकडून तेच परत म्हणवून घ्यायचे. बरोबर म्हटले की राव खूश. मीही ती रीत उचलली होती. खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा हुशार माणसाजवळ काम करतो आहोत असे मला तेव्हा रोज वाटायचे.

दोन वर्षांपूर्वी पुरट्टासी हा तमिळ महिना लागण्याआधी, एका गुरुवारी, आमच्या मागच्याच गल्लीतल्या गंगाबाई चिठ्ठी घेऊन आल्या. वय बहात्तर. राव त्यांना लहानपणापासून अक्का म्हणत, त्या त्यांना अरे-तुरे करत. बोटांचे सांधे इतके सुजले होते की पिशवीची गाठ त्यांना सोडवता येईना, ती मी सोडवली. सांध्यांच्या डॉक्टरने मेथोट्रेक्सेट लिहून दिले होते. हे औषध आमच्या दुकानात वेगळ्या खणात असते. सांध्यांना ते चांगले लागू पडते, पण आठवड्यातून एकदाच घ्यायचे. रोज घेतले तर ते शरीरात नवे रक्त होऊ देत नाही. आधी तोंड सोलते, मग अंगात ताकद उरत नाही, मग साधा तापही माणसाला पुरून उरतो. आम्हा दोघांनाही हे पाठ होते. शिकताना सगळ्यात आधी ज्या चार-पाच औषधांची धास्ती घालतात त्यांतलेच हे एक.

रावांनी दहा गोळ्यांची एक पट्टी काढली. दहा आठवडे पुरायला हवी. चिठ्ठीवर डॉक्टरने शनिवार लिहिला होता. गंगाबाई दर शनिवारी पेरुमाळ देवाचा उपास करीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. राव म्हणाले, "अक्का, उपासाच्या दिवशीं एक. दुसऱ्या कोठल्या दिवशीं हात लावायचा नाहीं."

गंगाबाईंनी लगेच परत म्हणून दाखवले, "उपासाच्या दिवशीं एक. दुसऱ्या दिवशीं हात लावायचा नाहीं."

एक शब्द चुकला नव्हता. राव माझ्याकडे बघून हसले. मी पट्टी पाकिटात घातली आणि त्यांच्या पिशवीची गाठ परत मारून दिली. त्यांना पायरी उतरवून दिली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दोन शनिवार गेले. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी नवरात्र बसले.

आता वाचणाऱ्याला कळले असेल. आम्हाला कळले नाही. आमच्या लोकांत तुळजाभवानीचे नवरात्र म्हणजे घरातल्या थोरल्या बाईने नऊ दिवस उपास धरायचा. माझी आई धरायची, माझी सासू धरते. मी त्या आठवड्यात रोज सकाळी सासूसाठी फळे चिरून दुकानात येत होते. दुकानातही उपासाचेच बोलणे. कोणाच्या घरी कोलूच्या, म्हणजे बाहुल्या मांडायच्या, किती पायऱ्या लावल्या, आज नैवेद्याला कोणत्या कडधान्याचे सुंडल. गल्लीत संध्याकाळी बायका एकमेकींकडे कुंकवाला जात होत्या. त्या सगळ्या गडबडीत गंगाबाईंच्या पट्टीतली रोज एक गोळी कमी होत होती, आणि त्या अगदी सांगितल्याप्रमाणे वागत होत्या.

शनिवारी, नवरात्राच्या सहाव्या दिवशी, त्यांची सून वरलक्ष्मी दुकानात आली. राव जेवायला गेले होते. अत्तेंच्या तोंडात पुण्णु, म्हणजे फोड, झाले आहेत, लावायला काही द्या, असे तिने सांगितले. सासूला ती अत्ते म्हणते. मी विचारले, कधीपासून? काल-परवापासून, म्हणाली, नुसत्या फळांवर आहेत, उष्णता झाली असेल. मलाही ते पटले. उपासात तोंड येतेच. मी लावायचे मलम दिले, वर जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि ताक प्यायला सांगा म्हणाले. अत्ते दुसरे कोणते औषध घेतात, हा एक प्रश्न मी विचारला नाही. अनोळखी बाई असती तर विचारला असता. गंगाबाईंचे सगळे आपल्याला माहीत आहे असे मी धरून चालले, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेले नाही.

सोमवार उजाडला, आठवा दिवस. अकराच्या सुमाराला वरलक्ष्मी परत आली. आज राव समोर होते. तिने पदराखालून रिकामी पट्टी काढून काउंटरवर ठेवली.

"एकच मात्रै द्या, राव. उद्याला एकच पाह्यजे. अत्तेंचे नऊ दिवस पुरे होतात."

रावांनी पट्टी हातात घेतली आणि उलटसुलट केली. दहाही घरे फुटलेली होती. त्यांनी अगदी हळू विचारले की आजची घेतली का. वरलक्ष्मी म्हणाली, हो, पूजा झाल्या झाल्या घेतली, एक दिवस चुकवला नाही, गिळताना तोंड भाजते तरी घेतात. हे ती कौतुकाने सांगत होती. रावांचा चेहरा मी पाहिला आणि मलाही सगळे कळले. दोन शनिवारच्या दोन. नवरात्राच्या आठ. आणि शनिवारी मी विकलेले मलम.

त्यानंतरचा तास मला तुकड्यातुकड्याने आठवतो. रावांनी पट्टी डॉक्टरला दाखवायला वरलक्ष्मीच्या हातात परत दिली आणि सांगितले की गोळी जास्त गेली आहे, अक्कांना आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायचे, कपडे बदलायलाही थांबायचे नाही. सांध्यांच्या डॉक्टरचा फोन लागेना. तिसऱ्यांदा लागला तेव्हा रावांनी काही झाकले नाही. आठ दिवस सलग, वय बहात्तर, उपाशी, तोंड सोललेले, असे एका दमात सांगितले. या विषावर उतारा म्हणून एक इंजेक्शन असते, फोलिनिक ॲसिडचे. ते प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. मी एकामागून एक दुकानांना फोन करत सुटले. पाचव्या ठिकाणी, मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर, सहा बाटल्या मिळाल्या. राव रिक्षाने तिकडे गेले आणि तसेच पुढे इस्पितळात. मी दुकान चालवत राहिले. एक बाई मुलाच्या खोकल्याचे औषध घ्यायला आली होती. बाटलीवरचे माप मी तिला चार वेळा वाचून दाखवले, तशी ती घाबरली.

संध्याकाळी रावांचा फोन आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी असायच्या त्याच्या पाचव्या हिश्श्यावर आल्या होत्या. ताप सुरू झाला होता. इंजेक्शन दिले होते, पण द्यायला उशीर झाला होता. शनिवारी दिले असते तर, असे ते म्हणाले नाहीत. मी मनात म्हणाले.

पुढचे पाच दिवस कोणाला आत सोडत नव्हते. राव रोज दुकान मिटण्याआधी इस्पितळात जाऊन बाकावर बसून येत. सहाव्या दिवशी डॉक्टरने दोन मिनिटे दिली. मीही बरोबर होते. तोंडावर मास्क, पायात प्लास्टिकच्या पिशव्या. गंगाबाईंचे ओठ काळे पडले होते. त्यांनी रावांना ओळखले आणि बोलायचा हट्ट धरला. एकेक शब्द काढायला त्यांना फार त्रास होत होता.

"सीताराम, आठच घेटल्या मी. नववी राहिली. देवीचें पुरें झालें नाहीं, मणून हें आलें मला."

राव म्हणाले, "नाहीं अक्का. चूक माझी. तुम्ही कांहींच चुकलां नाहीं."

त्यांनी सुजलेला हात थोडा उचलला आणि नको नको असा हलवला. "तूं नीटच सांगिटलास," म्हणाल्या. मग परिचारिकेने आम्हाला बाहेर काढले. दोन दिवसांनी, मंगळवारी पहाटे, गंगाबाई गेल्या.

घरच्यांनी कोणाला दोष दिला नाही. वय झाले होते, त्यांच्याच हातून गोळी जास्त गेली, उपासाने अंग खचले, ताप आला, असेच गल्लीत सगळे बोलत होते. आम्ही गप्प बसलो असतो तर ते तसेच राहिले असते. मी रावांना तसे सुचवलेही. मला त्याची लाज वाटते, पण सुचवले हे खरे. मी म्हणाले, आता सांगून त्या परत येणार आहेत का? दुकान बंद पडेल, परवाना जाईल. राव माझ्यावर रागावले नाहीत. तेराव्यानंतर त्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवले आणि मला म्हणाले, तू यायला हवे असे नाही. मी गेले.

वरलक्ष्मीने आम्हाला बसवले, कॉफी पुढे ठेवली. राव कॉफीला हात न लावता सगळे सांगून मोकळे झाले. डॉक्टरने काय लिहिले होते, आपण काय सांगितले, अक्कांनी ते कसे तंतोतंत पाळले. शनिवारच्या मलमाचे मी माझ्या तोंडाने सांगितले. वरलक्ष्मीने ती चिठ्ठी कपाटातून काढून आणली आणि डॉक्टरच्या अक्षरातल्या त्या एका शब्दावर बोट ठेवले.

"येथें शनवार लिहिलें आहे. तर मग तुम्ही शनवार मणून कां सांगिटलां नाहीं?"

ती भांडत नव्हती. तिला खरेच कळत नव्हते, म्हणून विचारत होती. अक्कांना समजावे म्हणून, विसरू नये म्हणून, सोपे जावे म्हणून, अशी उत्तरे रावांजवळ होती, ती मलाही ठाऊक होती. त्यांनी चिठ्ठीची घडी करून ती तिच्या हातात परत दिली.

आम्ही उठलो तेव्हा कॉफी गार झाली होती. वरलक्ष्मीने दाराशी येऊन रावांच्या हातात ती रिकामी पट्टी दिली. अत्तेंनी इस्पितळात जाताना बजावले होते, म्हणाली, की सीतारामला दाखव, एकही वाया घालवली नाही.