इंजिन चालू ठेवून आलेले पाव्हणे

मला पाहायला घुग्घुसची मंडळी आली तेव्हा त्यांनी गाडीचं इंजिन बंदच केलं नाही. मंडळी उतरली, पाय धुतले, ओसरीवर सतरंजीवर बसली, आणि अंगणाबाहेर ती जीपच्या दीडपट गाडी घुर्र घुर्र करत उभी. आत कुणी नाही. वडशाच्या पलीकडच्या आमच्या गावात एवढी मोठी गाडी फक्त निवडणुकीत यायची. तीसुद्धा थांबली की बंद व्हायची.

आधी माझी अडचण सांगते. माझं डी.एड.चं एक वर्ष राहिलं होतं. त्याआधी दोन ठिकाणचे लोक येऊन गेले होते आणि दोघांचंही म्हणणं एकच, पोरगी पसंत आहे, शिक्षण पुरे झालं. मास्तरीण व्हायचं मी चौथीत असल्यापासून डोक्यात घेतलं होतं. बाबा म्हणायचे, "सासरचे हो म्हनतीन तं शिक." या खेपेला मी स्वतःच विचारणार होते. पण मुलीनं विचारायचं नसतं. मुलीनं पोहे आणायचे असतात आणि नाव सांगायचं असतं.

पोहे आणले. मुलाच्या वडलांनी नाव विचारलं. सांगितलं. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकूच गेलं नाही. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मी ओरडलेच, तर मुलाच्या आत्याबाईंनी त्याच्या आईकडं असं पाहिलं, की पोरीचा आवाज जरा जास्तच आहे. अहो, मग काय पाटीवर लिहून दाखवू?

इकडं बाबांचं तोंड कडू होत चाललं होतं. आमच्याकडं पाव्हणा बैलगाडीनं आला की आधी बैल सोडतात. बैल जुंपलेलेच ठेवले तर समजायचं, याला थांबायचं नाही आणि तुमच्या घरचं खायचंही नाही. बाबांनी इंजिनाचा तोच अर्थ लावला. सकाळी जाळं घेऊन ते स्वतः तलावात उतरले होते. आत चुलीवर मासोळीचा रस्सा उकळत होता.

शेवटी ते म्हणाले, "पाव्हणे, जेवाचं नसन तं तसं सांगा. गाडी जुंपून काऊन ठेवली?"

"तसं नाई भाऊ," मुलाचे वडील म्हणाले. "मोठ्या गाडीचं इंजिन गरम ठेवा लागते."

बाबांचा जन्म बैलांच्या मागं गेला होता, पण गरम ठेवायचा बैल त्यांनी पाहिला नव्हता. ते उठून उभे राहिले. "मंग या," म्हणाले.

झालं! माझा प्रश्न घशातच राहिला. खरं सांगते, त्या गाडीवर धोंडा घालावासा वाटला मला.

तेवढ्यात मुलगा सतरंजीवरून उठला. तो म्हणाला, "बाबा, खरं सांगा न." आणि मग माझ्या बाबांना, "काका, बंद केली तं सुरू नाई होत. बॅटरी डाऊन आहे, डायनामो चार्जच नाई करत. घुग्घुसपासून चालूच आहे. डिझेलसुद्धा तसंच भरलं."

त्याचे वडील ओसरीच्या आढ्याकडं पाहू लागले. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं.

"एवढंच?" बाबा म्हणाले. "बंद करा. जेवा. ढकलाले गाव आहे."

सगळे जेवले. आत्याबाईंनी रस्सा दोनदा घेतला. मग गाव जमलं. बायका गाडीत बसल्या. थोडं उतरा म्हटलं तर आत्याबाई ऐकलं न ऐकल्यासारखं करून बसून राहिल्या. मुलाचे वडील स्टिअरिंगवर, मुलगा आणि गाव मागं. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, रस्त्याला उतार लागतो, तिथवर गाडी ढकलत नेली. इंजिन सुरू झालं, पण पुढं गाय आडवी आली, त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी पुन्हा मेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी ठरवलं असावं, की आता गाय येवो नाहीतर आणखी कोणी, थांबायचं नाही. इंजिन सुरू झालं. ते थांबले नाहीत. धुरळा खाली बसला तेव्हा रस्त्यावर आमचं गाव होतं आणि नवरा मुलगा होता.

तो थोडा धावला. मग चालत परत आला. एसटी संध्याकाळची होती.

तो ओसरीवर बसला आणि मुलगा पाहायचा कार्यक्रम सुरू झाला. अख्खं गाव येऊन पाहून गेलं. कोणी विचारलं पगार किती, कोणी विचारलं दारू घेता का. एका म्हातारीनं दात पाहिले. त्यानं सगळं नीट सांगितलं. गाडीचंही सांगितलं. घुग्घुसच्या कोळशाची धूळ वायरिंगमध्ये शिरली होती. डावा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचे. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा, म्हणून हॉर्नची वायरच काढून टाकली होती. चंद्रपूरच्या इलेक्ट्रिकवाल्यानं एक दुरुस्त केलं की दुसरं निघायचं. मध्यंतरी आतला दिवा विझेना, तेव्हा त्यावर आत्याबाईंनी रुमाल बांधला.

"मंग गाडी इकून काऊन टाकत नाई?" बाबांनी विचारलं.

"बाबाले गाडी वाईट म्हनलेलं चालत नाई," तो म्हणाला. "पोराले म्हना, चालते."

बाबा हसले. पान आणायला म्हणून आत गेले, आणि मी चहाचा कप त्याच्यापुढं ठेवून एका दमात विचारलं, "माझं डी.एड.चं एक वर्ष राह्यलं आहे. ते मी करणार. तुमच्या घरी चालन का?"

"बाबा नाई म्हनतीन."

माझं डोकंच फिरलं. "बाबाचं कोण पुसून राह्यलं? तुमचं सांगा!"

त्यानं कप खाली ठेवला. दात पाहिले तेव्हाही तो एवढा अवघडला नव्हता. "परीक्षा होऊ द्या," म्हणाला. "लग्न मागून करू." तेवढ्यात एसटी आली आणि तो गेला.

काही दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला. मुलगी पसंत आहे, लग्न याच उन्हाळ्यात, शिक्षण पुरे झालं. मी त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही. आईनं बोलून घेतलं, तिलाही उलटून बोलले. मला राग निरोपाचा नव्हता. त्या पोराच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला, त्याचा होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो एसटीनं एकटाच आला. ओसरीवर बसला आणि बाबांना म्हणाला, "काका, निरोप बाबाचा होता. माझा नाई. हिची परीक्षा झाल्यावर करू. घरी भांडूनच आलो."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "तुले काय वाटते?"

तीन स्थळं येऊन गेली, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला एकदम रडूच आलं. दाराची चौकट धरून मी म्हणाले, "हाव म्हना."