काळी कोंबडी

काल पनवेलच्या बाजारात अंड्यांच्या ट्रेंनी भरलेला टेम्पो वाट अडवून उभा होता. माझ्या मनात मात्र साठ वर्षांपूर्वीची हिराबाई उभी राहिली...

साठीच्या दशकाच्या आरंभी मी कामोठ्याच्या शाळेवर नवा मास्तर होतो. हिराबाई तिथली विधवा आगरी बाई. मिठागरातल्या खाऱ्या पाण्याने तिच्या टाचा चिरून गेल्या होत्या. कोंबड्यांवर पोट भरावे आणि पुन्हा मिठागरात पाय टाकावा लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

त्याच सुमारास सरकारी योजनेतून तिला जातिवंत पांढरा कोंबडा मिळाला. अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्या निवडायच्या, त्यांचीच वीण वाढवायची आणि बाकीच्या काढून टाकायच्या, अशी ती पद्धत. नोंदी ठेवायला गावात लिहिता येणारा मीच.

घरून सोवळ्याचे संस्कार... मी अंड्याला हात लावत नसे. कोंबडी अंडे घालायला खुराड्यातल्या खोक्यात शिरली की झडप पडून ती आत अडके. हिराबाई तिच्या पायातला रंगीत दोरा पाहून अंडे कोणाचे ते सांगे, मी लिहीत असे. घरी परतल्यावर आई स्नानाशिवाय देवघराकडे फिरकू देत नसे.

पहिल्या वर्षीची पिल्ले एका काळ्या गावठी कोंबडीने उबवली. त्यांतल्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, मोठ्या झाल्या आणि अंड्यांनी टोपली भरू लागली. काळी मात्र चार अंडी देऊन खुडूक होई आणि दिवसचे दिवस अंड्यांवर बसून राही. मी तिच्या नावावर काट मारली.

"मास्तर, तिला नका काडू," हिराबाई म्हणाली. "ती अंडी नाय देत, पन बसते ना! मंग पिलां कोन काडंल? तुमी बसनार काय टोपलीत?"

अंगणातल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. माझा अभिमान दुखावला... "तिच्या लेकींपैकी एखादी बसेल," मी ठामपणे म्हणालो. मास्तरांचा शब्द मोडणे त्या काळी अवघड होते. काळी बाजारात गेली, आणि तिथून खाटकाकडे. हिंसेला पातक मानणाऱ्या माझ्याकडून ती पेन्सिलीने घडली.

तिच्या लेकींपैकी एकही खुडूक झाली नाही. भरपूर अंडी देणाऱ्या निवडता निवडता बसणाऱ्या आम्हीच वगळल्या होत्या, हे मला उशिरा कळले.

शिमग्यानंतर गावात मानमोडी, कोंबड्यांची साथ, आली. चार दिवसांत हिराबाईचे खुराडे रिकामे झाले, शेजाऱ्यांचेही. मागे राहिली ती वीण वाढवण्यासाठी बाजूला ठेवलेली चौदा अंडी... आणि ती उबवायला उभ्या गावात एक कोंबडी नव्हती. आधीच्या साथी पचवलेली काळी कदाचित तगली असती.

हिराबाईने ती जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीशेजारी कोंड्यात ठेवली. हात लावून ऊब पाहायची, निवली वाटली तर पोटाशी धरून बसायची. एकवीस दिवस ती अंगणाबाहेर पडली नाही. मी दोन्ही वेळा संध्येनंतर त्या अंड्यांसाठी जप केला.

बाविसाव्या दिवशी तिने एक अंडे माझ्यासमोर फोडले; आत पिल्लू मेलेले होते. मग दुसरे. तिसरे तिने न फोडताच कोंड्यात परत ठेवले...

पुढच्या हंगामात ती पुन्हा मिठागरात उतरली. बांधावर गाठून मी तिची क्षमा मागितली. चिखलाचे पाय तसेच ठेवून ती म्हणाली, "माफी कसली वो मास्तर? तुमी आमचं भलं कराया आलेले. जावा, शालेची येल झाली."

तिने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मला प्रायश्चित्त घडले असते.

शास्त्रांनी मला दयेचा अर्थ शिकवला होता. दया करण्याआधी समोरच्याचे ऐकायचे असते, हे मात्र त्या अक्षरशत्रू बाईकडून शिकलो, आणि त्याचे मोल तिने भरले... तेव्हापासून गुरुवंदनेत तिचे नाव पहिले येते.